आरा थांबू नये म्हणून: लहान सॉ मिल मोठ्या उत्पादनाकडे नेण्याचा क्रम

चाकांवरची किंवा कुठेही मांडता येणारी आडवी बँडसॉ मशीन (दोन चाकांवर फिरणाऱ्या दातेरी पोलादी पट्ट्याने कापणारी) घेऊन ज्यांनी धंदा सुरू केला, त्यांच्यापुढे काही वर्षांत एकच प्रश्न उभा राहतो: मागणी आहे, गिऱ्हाईक दारात आहे, पण दिवसाला निघणारा माल काही वाढत नाही. मग पहिला विचार येतो तो मोठ्या इंजिनाचा, जास्त हॉर्सपॉवरच्या मोटरचा, नाहीतर दुसऱ्या आऱ्याचा. मी सांगेन की या तिन्हींवर आत्ता पैसे घालू नका. लहान मिलमध्ये आरा हळू चालतो म्हणून माल कमी निघत नाही, आरा दिवसभर उभा असतो म्हणून कमी निघतो. तो कशासाठी उभा राहतो हे शोधून एकेक कारण काढत गेलात, तर त्याच मशीनवर उत्पादन दुप्पट होऊ शकतं. हिशेब पुढे मांडलाच आहे.

हा लेख कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग या पट्ट्यातल्या मिलवाल्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. इथे नीलगिरी, आंबा, फणस, साग, थोडं रबराचं लाकूड मिळतं, आणि खपायला शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्र्यांपासून चाकणपर्यंतचं पॅकिंग आहे. विदर्भात सागाचा धंदा वेगळ्या रीतीने चालतो, तरी मशीनचं गणित तिथेही हेच.

आधी परवाना, मग मशीन

महाराष्ट्रात आरा चालवायला वन विभागाचा परवाना लागतो. मशीन चाकांवर आहे, शेतात नेऊन कापते, म्हणून त्यातून सुटका नाही. टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९९७ मध्ये महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश यांची नावं घेऊन विनापरवाना आरागिरण्या ताबडतोब बंद करायला सांगितलं होतं. पुढे केंद्राने २०१६ मध्ये लाकूड-आधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि नवीन परवाने, क्षमतावाढ यांचे अर्ज राज्यस्तरीय समितीकडे गेले. ही समिती राज्यात कायदेशीर लाकूड किती उपलब्ध आहे ते पाहून निर्णय घेते.

वाढीच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी की परवाना जागेला आणि आऱ्यांना बांधलेला असतो. कोणत्या प्रकारचे किती आरे, हे त्यात लिहिलेलं असतं. तुम्ही ज्याला मदतीची मशीन म्हणता तो रिसॉ, म्हणजे ठोकळ्याच्या फळ्या काढणारी मशीन, वन विभागाच्या लेखी आणखी एक आरा ठरू शकतो. कडा कापायच्या गोल पात्याच्या मशीनचंही तेच. म्हणून मशीनचं कोटेशन हातात आलं की आगाऊ रक्कम भरण्याआधी उपवनसंरक्षक कार्यालयात लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. तोंडी होकारावर आणलेली मशीन सील झाली तर कर्जाचे हप्ते थांबत नाहीत.

लाकूड आत येतं तिथेही कागद हवा. आंबा, फणस, साग, खैर, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबतच्या अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत. ती स्वतःच्या शेतातली असली तरी तोडायला परवानगी लागते. वाहतुकीचा परवाना, म्हणजे आपली टीपी, कोणत्या जातीला लागते आणि कोणत्या जातीला सूट आहे याची यादी वेळोवेळी बदलते, ती वनक्षेत्रपाल कार्यालयातून ताजी घ्या. दिवसाला दोन ओंडके कापणाऱ्याकडे कोणी फारसं बघत नाही. पंधरा गाड्या महिन्याला उतरायला लागल्या की आवक-जावक नोंदवही पहिल्याच भेटीत मागतात. ती रोज संध्याकाळी लिहायची सवय आत्ताच लावा.

एक दिवस घड्याळ घेऊन उभे रहा

वाढीचं खरं काम इथून सुरू होतं, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. एक दिवस मशीन स्वतः चालवू नका. वही आणि घड्याळ घेऊन बाजूला उभे रहा आणि एका ओंडक्यामागे कोणत्या कामाला किती मिनिटं गेली ते लिहा.

समजा चार फूट घेराचा, आठ फूट लांबीचा ओंडका आहे. हाताने फिरवायच्या साध्या आडव्या मशीनवर साधारण असं काहीतरी दिसेल. ओंडका ओढून, पहारीने लोटून मशीनवर चढवायला ६ मिनिटं. चार वेळा फिरवायला, पाचर मारून पक्का करायला ८ मिनिटं. पट्टा प्रत्यक्ष लाकडातून जातोय असे १४ काप, प्रत्येकी अर्धं मिनिट, म्हणजे ७ मिनिटं. प्रत्येक कापानंतर फळी उचलणं आणि मशीन मागे आणणं, मिळून ९ मिनिटं. आणि सालीच्या फळ्या पुन्हा मशीनवर उभ्या करून त्यांच्या कडा मारायला १० मिनिटं. एकूण ४० मिनिटं.

आठ तासांचे ४८० मिनिटं. त्यातून पट्टे बदलणं, डिझेल, साफसफाई यांचा एक तास वजा केला की ४२० उरतात. ओंडक्याला ४० मिनिटं, म्हणजे दिवसाला साडेदहा ओंडके. यात पट्टा लाकडात असतो तो जेमतेम ७० ते ७५ मिनिटं.

आता मोठं इंजिन बसवून कापायचा वेग दुप्पट केला असं धरा. ७ मिनिटांची साडेतीन झाली. ओंडका ३६.५ मिनिटांत निघेल, दिवसाला साडेअकरा ओंडके. लाखभर रुपये घालून एक ओंडका वाढला.

त्याऐवजी कडा मारायचं काम आऱ्यावरून काढून वेगळ्या मशीनवर नेलं, तर ओंडक्याची ३० मिनिटं होतात, दिवसाला १४ ओंडके. ओंडके मशीनच्याच उंचीच्या उतरत्या मांडवावर आधीच रांगेत लावून ठेवले आणि चढवायला ६ ऐवजी २ मिनिटं लागली, की १६. फिरवायला हायड्रॉलिक हात किंवा निदान साखळीचा फिरक्या बसवला आणि ८ ची ३ मिनिटं झाली, की २०. पट्टा तोच, मोटर तीच, वेगही तोच. साडेदहाचे वीस झाले.

तुमच्या मिलचे आकडे वेगळे येतील. कुठे फळी उचलणारा माणूस एकटा असल्याने तिथेच खोळंबा दिसेल, कुठे भुसा साचला म्हणून दर तासाला दहा मिनिटं जातील. पण कोणत्या कामात जास्त मिनिटं जातात हे कागदावर आल्याशिवाय मशीन निवडू नका. एक अडचण काढली की लगेच पुन्हा मोजा, कारण खोळंब्याची जागा तोवर बदललेली असते.

उतारा: घनफुटाचा फसवा हिशेब

साखर कारखान्याच्या परिसरात राहणाऱ्याला उतारा, म्हणजे कच्च्या मालातून किती टक्के पक्का माल निघतो, ते शिकवायला नको. लाकडाचंही तसंच, फक्त आपल्या धंद्यात गोल लाकूड एका मापाने घेतात आणि कापलेला माल दुसऱ्या मापाने देतात.

गोल लाकडाला आपण चौथाई घेराचं सूत्र लावतो. घेर इंचांत घ्यायचा, चाराने भागायचा, त्याचा वर्ग करायचा, फुटांतल्या लांबीने गुणायचं आणि १४४ ने भागायचं. वरचा ओंडका घ्या: ४८ भागिले ४ म्हणजे १२, त्याचा वर्ग १४४, गुणिले ८, भागिले १४४, म्हणजे ८ घनफूट. पण त्या ओंडक्यात खरं लाकूड १०.१९ घनफूट असतं. चौथाई घेराचं सूत्र खऱ्या आकारमानाच्या साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच मोजतं, बाकी साल आणि वाकडेपणासाठी जणू आधीच सोडून देतं.

म्हणून एखादा मिलवाला आपला उतारा ८० टक्के आहे म्हणतो तेव्हा खऱ्या लाकडावर तो ६३ टक्क्यांच्या आसपास असतो. हे कळलं की दोन गोष्टी बदलतात. घनमीटरमध्ये खरेदी करताना भावाची तुलना चुकत नाही, आणि उताऱ्यात अजून वाव आहे हे दिसतं.

तो वाव कापाच्या जाडीत आहे. पातळ पट्ट्याच्या आडव्या मशीनचा काप सुमारे २ मिलिमीटरचा असतो. गोल पात्याचा ५ किंवा त्याहून जास्त. बारा इंची ठोकळ्यातून एक इंची फळ्या काढायच्या तर २ मिलिमीटर कापात अकरा फळ्या बसतात, ५ मिलिमीटर कापात दहा. दहात एक फळी! अमेरिकेत इंडियानापोलिसला १९८२ मध्ये सुरू झालेल्या वुड-मायझरसारख्या कंपन्यांनी ही पातळ पट्ट्याची फिरती मशीन जगभर नेली, ती या एका फळीच्या जोरावर. तेव्हा उत्पादन वाढवायच्या घाईत पातळ पट्टा टाकून जाड पात्याकडे जाऊ नका. आपल्याकडे परवाना आणि लाकूड दोन्ही मोजकं असल्याने उतारा हाच नफा आहे.

दुसरी गळती मापाच्या चुकीत असते. फळी एका टोकाला २५ आणि दुसऱ्या टोकाला २८ मिलिमीटर निघत असेल तर गिऱ्हाईक नाकारू नये म्हणून तुम्ही सगळाच माल जाड कापता. आठवड्यातून एकदा दहा फळ्या काढून व्हर्नियरने दोन टोकं आणि मध्य मोजा. फरक एक मिलिमीटरच्या आत आणता आला तर तितकंच लाकूड फुकट मिळाल्यासारखं आहे.

काय कापायचं ते गिऱ्हाइकाने ठरवू द्या, पण मापं तुम्ही ठरवा

लहान मिल चिरणावळीवर, म्हणजे गिऱ्हाइकाचंच लाकूड मजुरी घेऊन कापून देण्यावर जगते. कोणी घराच्या चौकटीचा साग आणतो, कोणी वासे, कोणी वाशांबरोबर दोन पाट. प्रत्येक ओंडक्याला नवं माप, नवी मांडणी. यात माणसं जोडली जातात, पण आरा सारखा थांबतो. मोठं उत्पादन हवं असेल तर आठवड्यातले ठरावीक दिवसच चिरणावळीला द्या. बाकी दिवस दोन किंवा तीन मापंच कापा.

आपल्या भागात पॅकिंगची मापं यासाठी सगळ्यात सोयीची आहेत. फाउंड्रीच्या कास्टिंगला (ओतीव भागांना) पॅलेट, म्हणजे मालाखाली ठेवायचे लाकडी तळ, आणि जाड बुडाच्या पेट्या लागतात. १२०० बाय १००० मिलिमीटरचं पॅलेट सर्रास चालतं, त्याच्या पट्ट्या आणि ठोकळे यांची मापं गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगमध्ये असतात. चार गिऱ्हाइकांची ड्रॉइंगं शेजारी ठेवून बघा. एकाची पट्टी १८, दुसऱ्याची २० मिलिमीटर असेल तर दुसऱ्याच्याच जाडीत दोघांना देता येईल का, हे खरेदी विभागाशी बोलून घ्या. थोडं लाकूड जास्त जातं, पण मशीनची मांडणी बदलावी लागत नाही.

सागाचं काम मात्र चिरणावळीतच ठेवा. सागात घाई महाग पडते. एकेका ओंडक्याची नस, गाभा आणि गाठी बघून कापणाऱ्या कसबी माणसाला वेग वाढव म्हणून सांगणं म्हणजे हजारो रुपयांची चौकट सालीत घालवणं.

ओंडक्यांचं आवार

मिल मोठी होते ती आधी आवारात. ओंडके उतरले तसेच ढिगात पडले तर दर वेळी हवा तो खालीच सापडतो. जात, लांबी आणि घेर यांनुसार निदान चार रांगा करा, आणि एका वेळी एका रांगेतूनच कापा. सारख्या घेराचे ओंडके सलग आले की कामगाराचा हात बसतो.

लोखंड हा आवारातला खरा शत्रू. रस्त्याकडेच्या झाडांना पाट्या ठोकलेल्या असतात, कुंपणाच्या झाडांत काटेरी तार आत गेलेली असते, फणसाला झोका बांधायचे खिळे असतात. हाताचा मेटल डिटेक्टर एका खराब झालेल्या पट्ट्याच्या हिशेबात बघा, लगेच पटेल. डिटेक्टर नसला तरी डोळ्यांनी बरंच कळतं. ओंडक्याच्या टोकाला निळसर-काळा डाग दिसला, आणि तो नसेच्या दिशेने लांब गेला असेल, तर आत लोखंड आहे असं समजा. लाकडातलं टॅनिन आणि गंजलेलं लोखंड यांचा तो रंग असतो. रस्त्यालगतच्या झाडाचा बुंध्याकडचा चार-पाच फुटांचा तुकडा वेगळा काढून जुन्या पट्ट्याने कापावा.

सालीत अडकलेली माती आणि वाळू पट्ट्याची धार खाते. ओढत आणलेला ओंडका मशीनवर चढवण्याआधी जिथून पट्टा शिरणार तिथली साल कुऱ्हाडीने काढा. हे काम मशीन चालू असताना बाजूला दुसऱ्या माणसाने करायचं आहे, मशीन थांबवून नाही.

नीलगिरीला थांबायला लावू नका. तिच्यात वाढीचा ताण असतो. तोडल्यावर टोकं फाटायला लागतात, आणि एकाच बाजूने कापत गेलात तर ठोकळा धनुष्यासारखा वाकतो. एक बाजू कापली की ओंडका उलटा करून समोरची बाजू घ्या, आणि असंच आलटून पालटून चाला. रबर आणि आंबा यांना निळी बुरशी आणि भुंगा फार लवकर लागतो, त्यामुळे दोडामार्ग-सावंतवाडीकडून रबर आणत असाल तर ते दिवसांच्या हिशेबाने कापून बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या द्रावणात बुडवायची सोय आधी करा. हे बोरॉन पावसात धुऊन जातं, म्हणून असा माल फक्त आतल्या वापरासाठी द्या.

पाऊस धरून चाला. कोकणात जून ते सप्टेंबर बागेतून ओंडका बाहेर काढणं जवळपास बंद होतं. मेअखेर आवारात तीन महिन्यांचं लाकूड नसेल तर वाढवलेली सगळी क्षमता त्या काळात रिकामी बसते. साठ्याच्या ओंडक्यांची टोकं मेणाने किंवा जाड रंगाने बंद करा.

मशीन घ्यायचा क्रम

घड्याळाच्या हिशेबावरून पहिल्या दोन गोष्टी कोणत्या हे कळलंच असेल: ओंडके चढवायचा मांडव आणि कडा कापायचा दोन पात्यांचा एजर. मांडव गावातल्या फॅब्रिकेटरकडून चॅनलमध्ये करून घेता येतो. त्याला मशीनकडे हलका उतार आणि शेवटी एक अडसर हवा, म्हणजे एका वेळी एकच ओंडका सुटेल. एजर घेताना परतफेकीपासून संरक्षण देणारी बोटं आणि झाकण असलेलाच घ्या, कारण एजरमधून मागे उडालेली पट्टी माणसाच्या पोटात शिरू शकते.

तिसरा टप्पा रिसॉचा, आणि खरी झेप इथेच आहे. आतापर्यंत मुख्य आरा ओंडक्याच्या चारही बाजू घेत होता आणि फळ्याही काढत होता. आता त्याने फक्त चौकोनी ठोकळे काढायचे, फळ्या रिसॉवर. वरच्या उदाहरणात मुख्य आऱ्याचे १४ काप ६ वर येतात, ओंडक्याची २१ मिनिटं १२ वर येतात, आणि दिवसाचे ३५ ओंडके होतात.

पण थांबा, ३५ ओंडके म्हणजे काय ते बघा. ८ घनफुटांनी २८०, महिन्याच्या पंचवीस दिवसांत ७,००० घनफूट. खऱ्या मापात सुमारे २५० घनमीटर. हिरवं लाकूड घनमीटरला साधारण टन धरलं तर १६ टनी पंधरा-सोळा गाड्या. इतकं लाकूड कायदेशीर कागदांसह, बारा महिने, परवडेल अशा अंतरावरून मिळतं का? मिळत नसेल तर रिसॉ घेऊ नका. आधी नीलगिरी लावणाऱ्या शेतकऱ्यांशी, लाकूड ठेकेदारांशी पुढच्या दोन वर्षांचं बोलून घ्या. बरेच मिलवाले इथेच फसतात, मशीन येते आणि लाकडाअभावी ती दुपारी तीनला बंद होते.

चौथा टप्पा माल बाहेर काढायचा. रोलर बसवा, कामाच्या उंचीवर बसवा, आणि वाकून उचलायचं काम जितकं कमी होईल तितकं करा. सालीची लाकडं पडतील तिथेच ट्रॉली उभी ठेवा. भुसा ओढून हवेतून वेगळा करायला ब्लोअर आणि सायक्लोन लागेलच.

डिझेलवरून विजेवर यायचं तर तिसऱ्या टप्प्याआधी या. थ्री फेजची जोडणी, वाढीव भार, पॉवर फॅक्टरचे कपॅसिटर यांना महावितरणकडे वेळ लागतो, अर्ज मशीनच्या ऑर्डरबरोबरच टाका.

पट्टे: रोजचं पथ्य

माझ्या मते मोठ्या उत्पादनाची मिल आणि धडपडणारी मिल यांतला फरक पट्ट्यांच्या खोलीत दिसतो. त्यामुळे इथे थोडं सविस्तर.

पातळ पट्टा दर फेऱ्याला दोन चाकांवर वाकतो. दातांच्या मधल्या खाचेत बारीक तडे तिथेच सुरू होतात. बोथट पट्ट्याला जास्त दाबावं लागतं, तो तापतो, तडा वाढतो आणि पट्टा तुटतो. म्हणून पट्टा बोथट झाल्यावर बदलायचा नसतो, बोथट व्हायच्या आधी बदलायचा असतो. ठरावीक तासांनी किंवा ठरावीक ओंडक्यांनी, चांगला चालत असला तरी. संध्याकाळी मशीन बंद केली की पट्ट्याचा ताण सोडा.

धार गेली की नाही हे भुसा सांगतो. चिमटीत भुसा घ्या. रवाळ, दाणेदार असेल तर धार ठीक. पिठासारखा बारीक आणि हाताला गरम लागला तर पट्टा उतरवा. फळीवर लाट दिसायला लागली तर उशीर झाला आहे.

दातांचा कोनही लाकडाप्रमाणे हवा. पट्ट्याच्या खोक्यावर १०/३०, ७/३४, ४/३२ असे आकडे असतात, पहिला आकडा दाताच्या पुढच्या कोनाचा. मऊ, हिरव्या लाकडाला १० अंश चालतात. बाभूळ, जुना फणस, गाठाळ नीलगिरी यांना ७ किंवा ४ घ्या, नाहीतर पट्टा गाठीवर उसळतो.

दिवसाला वीस ओंडक्यांच्या पुढे गेलात की धार लावायला पट्टे बाहेर पाठवणं परवडत नाही. स्वतःची धारेची मशीन आणि सेट करायची, म्हणजे दात आलटून पालटून दोन्ही बाजूंना किंचित वाकवायची मशीन घ्या. आधी सेट, मग धार. धार लावताना खाचेचा पूर्ण आकार घासला गेला पाहिजे, म्हणजे तडे सुरू झालेला पातळ थर निघून जातो. नुसतं दाताचं टोक चकाकवून पट्टा परत लावला तर तो दुसऱ्या फेरीतच तुटतो. हे काम एकाच माणसाकडे द्या, शांत आणि बारीक नजरेच्या, आणि त्याला चांगला पगार द्या.

वाळवण आणि निर्यातीचा शिक्का

ओली फळी विकणारा भाव मागू शकत नाही. फळ्या थप्पीत लावताना मध्ये एक इंची चौकोनी पट्ट्या, दोन फुटांवर, आणि त्या वरपासून खालपर्यंत एकाच उभ्या रेषेत. थप्पी जमिनीपासून दीड फूट वर, छपराखाली, लांब बाजू वाऱ्याकडे. पट्टी रेषेतून सरकली की वरचं वजन फळीला तिथेच वाकवतं. वाळवणासाठी आयएस ११४१ आणि जतनासाठी आयएस ४०१ ही भारतीय मानकं आहेत. बंगळुरूच्या लाकूड विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेतही या विषयांवर काम चालतं, तिथली माहिती मिळवा.

पॅलेट निर्यातीच्या मालाखाली जाणार असतील तर आयएसपीएम १५ या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं पालन लागतं. लाकडाच्या गाभ्याचं तापमान ५६ अंश सेल्सियसवर सलग ३० मिनिटं राहिलं पाहिजे, साल काढलेली पाहिजे, आणि मगच गव्हाच्या ओंबीचा शिक्का मारता येतो. त्यासाठी भट्टीची केंद्र सरकारच्या वनस्पती संरक्षण संचालनालयाकडे नोंदणी व्हावी लागते. सुरुवातीला दुसऱ्याच्या नोंदणीकृत भट्टीत भाड्याने माल द्या. महिन्याच्या फेऱ्यांचं भाडं भट्टीच्या हप्त्याइतकं झालं की स्वतःची बांधा.

एक लक्षात असू द्या: ही भट्टीतली हीट ट्रीटमेंट झाली म्हणजे लाकूड वाळलं असं नाही. अर्ध्या तासाच्या उष्णतेने किडे मरतात, ओलावा तसाच राहतो. असं ओलं पॅलेट कंटेनरमध्ये गेलं की समुद्रातच बुरशी धरतं आणि तक्रार परदेशातून येते. निर्यातीच्या गिऱ्हाइकाला ओलाव्याचा आकडा मीटरने मोजून बिलाबरोबर द्या. तो मागत नसला तरी द्या.

भुसा कुक्कुटपालनाला आणि ब्रिकेट (दाबून केलेले जळणाचे ठोकळे) करणाऱ्यांना, साली जळणाला. उचलणाऱ्याशी वर्षाचा करार करा. आवारात भुशाचा ढीग राहिला की आग लागायची भीती, आणि विमा कंपनीही नाराज.

माणसं

मजुरी नुसती घनफुटावर देऊ नका. घनफुटावर पैसे मिळाले की कामगार मोठे सोपे ओंडके आधी घेतो, साल जाड सोडतो आणि उतारा पडतो. पक्का पगार, आणि त्यावर महिन्याच्या उताऱ्याप्रमाणे व चांगल्या मालाच्या घनफुटाप्रमाणे बक्षीस, ही रीत टिकते. उताऱ्याचा आकडा मिलमध्ये फळ्यावर लिहा, सगळ्यांना दिसेल असा.

उत्पादन वाढलं की धोकाही वाढतो. पट्ट्याची झाकणं काढून ठेवायची सवय पहिल्या दिवशीच मोडा. कानाला संरक्षण, डोळ्याला चष्मा, आणि नाकाला चांगला मास्क, कारण लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने निश्चित कर्ककारक गटात ठेवली आहे. पट्टा गुंडाळताना चामड्याचे हातमोजे घाला, पण फिरत्या मशीनजवळ ते काढून ठेवा. दहा माणसं झाली की ईएसआय (कामगार विमा), वीस झाली की भविष्यनिर्वाह निधी, हे हिशेबात आधीच धरा.

पैसा कुठे अडकतो

लाकूड रोखीने घ्यावं लागतं आणि कंपनी साठ-नव्वद दिवसांनी पैसे देते. उत्पादन दुप्पट झालं की हे अडकलेले पैसेही दुप्पट होतात. नफ्यात असलेल्या मिल बंद पडतात त्या यामुळे. मशीनचं कर्ज काढताना खेळत्या भांडवलाची मर्यादा त्याच अर्जात मागा, नंतर ती मिळणं अवघड जातं.

उद्यम नोंदणी, म्हणजे केंद्र सरकारची लहान उद्योगांची नोंदणी करा आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. आयकर कायद्यातल्या तरतुदीमुळे, वेळेत न दिलेली रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही, त्यामुळे मार्च जवळ आला की मोठ्या कंपन्यांचे लेखापाल स्वतःहून विचारणा करतात. भांडायची गरज पडत नाही, क्रमांक बिलावर असावा लागतो.

दुसरी पाळी की दुसरा आरा

मांडव, एजर, रिसॉ बसले, पट्टे मिलमध्येच तयार होतात आणि तरी मागणी पुरत नाही, अशी वेळ आली तर दुसरा मुख्य आरा घ्यायच्या आधी दुसरी पाळी चालवून बघा. परवान्यातले आरे तेवढेच राहतात, इमारत तीच, कर्ज नाही. पण अट अशी की पहिल्या पाळीचा उतारा आणि मापाचा फरक सहा महिने स्थिर असला पाहिजे. धार लावणारा दुसरा माणूस तयार झाला पाहिजे, आणि मे महिन्यात आवारातल्या रांगा दुप्पट भरलेल्या असल्या पाहिजेत. दुसऱ्या पाळीत साग घेऊ नका, पॅलेटच्याच पट्ट्या कापा. रात्रीच्या उजेडात गाठ आणि तडा नीट दिसत नाहीत, म्हणून दिवे आऱ्याच्या दोन्ही बाजूंनी लावा, सावली पट्ट्यावर पडणार नाही असे.